जेवणाच्या टेबलावरचं शहर

किसणी सापडेना म्हणून सुनेने अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं. ओट्याखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, फ्रीजवरसुद्धा पाहिलं. शेवटी हातात गाजरं घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली, तर किसणी जेवणाच्या टेबलावर ताठ उभी. तिच्या अलीकडे साबणाची वडी, पलीकडे टोस्टचा पुडा, समोर तांदळाचा लांबच लांब पट्टा, आणि या सगळ्यावर वाकलेले सासरे, गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल.

"बाबा, किसणी हवीय मला."

"किसणी नाही ती," मास्तर मान वर न करता म्हणाले. "बँक आहे."

"मग बँकेत गाजर किसून मिळेल का?"

"ने, पण लगेच परत आण. आणि जागा बदलू नकोस, खडूने खूण केलीय मी."

सुनेने कपाळाला हात लावला आणि बँक उचलून नेली. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली ती, वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, टेलर मास्तर. जन्मभर गिऱ्हाइकांनी त्यांना मास्तर म्हटलं, मग शेजाऱ्यांनी, मग बायकोच्या माहेरच्यांनीही. साहजिकच त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले. दुकान दोघांचं होतं. मास्तर कापायचे आणि शिवायचे, काजं-बटणं आणि हातशिलाई मास्तरीणबाईंकडे. आणखी एक काम त्यांच्याकडे असे, ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मास्तरांच्या हाताला कापड जास्तीचं सोडायची खोड होती. मार्जिन सगळेच शिंपी सोडतात, पण मास्तरांची मार्जिन म्हणजे विचारू नका. उद्या माणूस सुटेल, परवा कापड आटेल, थंडीत कोट स्वेटरवरून घालायचा असेल, एक ना दोन. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणायचं, "मास्तर, यात आम्ही नवरा-बायको दोघं मावू." त्यावर मास्तर फणकारायचे, "घट्ट झालं तर काय कराल? ढगळ आहे म्हणून आत तरी घेता येतं!"

आत घ्यायचं ते अर्थातच मास्तरीणबाईंनी. पडद्यामागे बसून त्या निमूटपणे उसवायच्या, आत घ्यायच्या आणि पुन्हा शिवायच्या. गिऱ्हाईक खूश होऊन जाई. मास्तरही खूश, कारण शेवटी आपलंच माप बरोबर निघालं अशी त्यांची ठाम समजूत होती. ती त्यांची समजूत मास्तरीणबाईंनी कधी मोडली नाही.

मग मास्तरीणबाईंची नजर जाऊ लागली. आधी सुईचं नेढं दिसेना, मग काज दिसेना, मग बटण. डोळ्यांची नस सुकत चाललीय आणि याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता त्यांना खिडकी कुठे आहे तेवढं कळे, खिडकीबाहेरचं काही नाही. जुन्या दुकानाभोवतीच्या गल्ल्या त्यांच्या पायांना पाठ होत्या, तिथे अडलं नाही. पण मास्तरांचेही गुडघे मशीन चालवायला कुरकुरायला लागले, दुकान बंद झालं आणि दोघं मुलाच्या घरी राहायला आले. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. घरात ही दोघं आणि सून.

नव्या घराची एकच गोष्ट मास्तरीणबाईंना मनापासून पसंत होती. त्यांची ताई इथून जवळ राहायची. दोन गल्ल्या, मोठा रस्ता, आणि पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर ताईचं घर. ताई म्हणजे मास्तरांची आकडसासू. बायकोची थोरली बहीण हे नातं मुळातच जपून वागण्याचं, त्यात या बाईंची जीभ अशी की भाजीवाल्यानेही भाव सांगताना दोनदा विचार करावा. पाय दुखतात म्हणून ताई घराबाहेर पडत नसे. तेव्हा भेटायचं तर मास्तरीणबाईंनीच जायला हवं, आणि जायचं तर मास्तरांच्या दंडाला धरून.

पोचवून परत येतील तर ते मास्तर कसले! ते तिथेच खुर्ची ओढून बसायचे, जाकिटाची चेन खाली-वर करत राहायचे आणि चहा संपला की म्हणायचे, "चला, निघायचं ना?" रस्त्याने येता-जाता एकच पालुपद. सांभाळून. पायरी आहे, सांभाळून. सायकल येतेय, सांभाळून. काहीच नसेल तरी, सांभाळून.

एकदा परत येताना मास्तरीणबाई जिन्यातच थांबल्या.

"अहो, मला एकटीने ताईकडे जायचंय."

"एकटीने? का? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच. मला तिच्याशी तुमच्याबद्दल बोलायचं असतं. तुम्ही समोर बसल्यावर कसं बोलू?"

मास्तर हसले. पण मास्तरीणबाई हसत नव्हत्या. "खरं सांगते," त्या म्हणाल्या, "डोळे गेले त्याचं मला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं याचं वाटतं, की दाराबाहेर पाऊल टाकायचं तर कुणाला तरी विचारायचं. मी काय सामान आहे का, इकडून तिकडे न्यायला? एकदा मला एकटीला जाऊन येऊ द्या. मग बसेन मी खिडकीत, काही म्हणणार नाही."

 मोठा रस्ता मास्तरांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पण बायकोने त्यांच्याकडे आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. ते रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी टेप गळ्यात टाकून घराबाहेर पडले.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर शहर उभं राहू लागलं.

सगळ्यात आधी मास्तरांनी बायकोच्या पावलाचं माप घेतलं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत त्यांनी तिला चालायला लावलं आणि स्वतः मागे फरशीवर बसून, खडूने खुणा करत सरकत गेले. "लग्नात छातीचं माप घेताना एवढे लाजला होतात," मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता पावलांचं काय घेताय?" सून आतून फिसकन हसली. मास्तर कान लाल करून मोजत राहिले.

ठरलं ते असं. मास्तरीणबाईंचं एक पाऊल म्हणजे टेबलावर शर्टाचं एक बटण. मास्तर रस्ते मोजून यायचे, त्या हिशेबाने जाड कापडाचे पट्टे कापायचे, आणि त्या पट्ट्यांवर कडेला कड लावून बटणं टाचायचं काम मास्तरीणबाईंचं. सुई त्यांना सून ओवून द्यायची, पुढचं सगळं बोटांना येत होतं. घराच्या फाटकापासून बँकेपर्यंत एक पट्टा, बँकेपासून मोठ्या रस्त्यापर्यंत दुसरा, रस्त्यापलीकडून ताईच्या दारापर्यंत तिसरा. बोट बटणाबटणावरून सरकवत गेलं की गल्ली चालून व्हायची.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मग घरं आली. किसणी बँक झाली, कारण त्या इमारतीला खालपासून वरपर्यंत जाळ्या होत्या आणि बोट लावताच कळायचं. पाण्याच्या टाकीच्या जागी एकावर एक उपडे पेले. विजेच्या खांबांना दोऱ्याची रिळं. डांबराच्या जागी रवा, फरशीच्या फुटपाथला तांदूळ, आणि जिथे फरशी उखडून खडी वर आली होती तिथे जाडं मीठ. पण भिंती आणि खांब हाताला लागतील तेव्हा लागतील, मास्तरांना वाटे, रस्त्यावर आधी नाक पोचतं. म्हणून न्हाव्याच्या दुकानाला त्यांनी साबणाची वडी ठेवली, बेकरीला टोस्ट, चहाच्या टपरीला उघडी चहापूड, चपला शिवणाऱ्याच्या बाकाला बूटपॉलिशची डबी. मास्तरीणबाई वाकून वास घेत घेत गल्लीतून जायच्या आणि कोण कुठे बसतं ते सांगायच्या.

सगळ्यात अवघड जागा मोठ्या रस्त्याची. तिथे हातगाड्या चढाव्यात म्हणून फुटपाथ उतरता केला होता. तो रस्त्याला इतका अलगद मिळायचा की कड पायाला लागत नसे आणि काठीलाही नाही. त्यातून वळणारी वाहनं अगदी कडेला चिकटून जात. मास्तरांनी तिथे उलथणं तिरकं लावलं.

"हे नीट ऐक," ते म्हणाले. "इथे पाय काही सांगणार नाही. दुसऱ्या पट्ट्याची बटणं संपली की थांबायचं. तिथेच उजव्या हाताला खांब आहे. खांबावरची कळ दाबायची, मग टिकटिक सुरू होते. टिकटिक चालू असेतो ओलांडायचं."

खांबाला त्यांनी काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि टिकटिकीसाठी अंडी उकडायचं घड्याळ. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी जाकिटाची जाड दातांची चेन आडवी घातली. त्या चेनवरून बोट नेताना मास्तरीणबाईंचा श्वास दर वेळी थोडा अडकायचा. मास्तरांचा तर पूर्णच थांबायचा.

ताईच्या घराच्या जागी मास्तरांनी लिंबू ठेवलं.

"हे काय?" मास्तरीणबाईंनी हुंगून विचारलं. "माझ्या ताईला लिंबू?"

"वास लांबून कळावा म्हणून," मास्तर म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमी थोडा चढायचा. मास्तरीणबाईंना इतकं हसू आलं की शिवताना बोटावर टोपीसारखं घातलेलं अंगुस्तान गळून रव्यात पडलं. मग त्यांनी ते अंगुस्तानच घराच्या फाटकाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "ही मी."

या शहरात राहणं सुनेला सोपं गेलं नाही. जेवायला टेबल नसल्यामुळे सगळे ताटं मांडीवर घेऊन बसायचे. पाण्याच्या टाकीतला एक पेला दर वेळी कुणीतरी पाणी प्यायला न्यायचं आणि टाकी बुटकी व्हायची. बेकरीला मुंग्या लागल्या, ती बदलावी लागली. बदललेली बेकरी मास्तरांनीच एका सकाळी चहात बुडवून खाल्ली आणि नंतर सगळ्यांना विचारत सुटले की बेकरी कुठे गेली. तरी सून करवादायची ती वरवर. कामावरून आली की तीही पर्स न ठेवता टेबलापाशी उभी राहायची. एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "आई, बँकेसमोर एक कुत्रा झोपलेला असतो. तो राहिलाय." आणि तिने भांडी घासायची काथ्याची घासणी तिथे ठेवली.

शेवटी मास्तरीणबाईंना शहर तोंडपाठ झालं. मग रंगीत तालीम ठरली, मास्तरांच्या दंडाला धरून पण न विचारता चालायची. मास्तरीणबाई मनात बटणं मोजत होत्या आणि मास्तर तोंडाने सांभाळून, सांभाळून करत त्यांना ओढत होते.

"जरा गप्प बसाल का? मला मोजू द्या."

"मोज की. कुत्रा आहे, सांभाळून."

पहिल्या गल्लीच्या टोकाला मास्तरीणबाईंचा हात बँकेच्या जाळीला लागला. त्या थबकल्या. मान किंचित तिरपी करून त्यांनी विचारलं, "आली बँक?"

"आली! बरोब्बर ओळखलीस."

मास्तरीणबाई नुसत्या हसल्या. मास्तरांना वाटलं, जमलं म्हणून हसली. मोठ्या रस्त्याच्या उताराशी त्या पुन्हा तशाच हसल्या. घरी आल्यावर त्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसल्या, काजांची छोटी कात्री मागून घेतली आणि म्हणाल्या, "बटणं सैल झालीत, जरा बघते." बराच वेळ कात्रीचा कचकच आवाज येत राहिला. मास्तरांचं लक्ष नव्हतं, ते नवीन बेकरी मांडत होते.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती आणि सुनेला सुट्टी होती. मास्तरीणबाईंनी केस विंचरले, पर्स खांद्याला लावली, काठी घेतली आणि दारात उभ्या राहून हुकूम सोडले.

"खिडकीत उभं राहायचं नाही. जिन्यात यायचं नाही. मागून तर मुळीच यायचं नाही, तुमच्या चपला मी हजार माणसांत ओळखते. आणि हा माझा फोन ठेवा इथेच, नाहीतर दर गल्लीला विचाराल. सूनबाई, यांच्यावर लक्ष ठेव गं."

"ठेवते आई."

दार बंद झालं. काठीचा टकटक आवाज पायऱ्या उतरत गेला आणि थांबला.

मास्तरांना काय करावं कळेना. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. सुनेने चहा पुढे केला, तो त्यांनी बँकेशेजारी ठेवून दिला. फाटकाशी उभं असलेलं अंगुस्तान त्यांनी पहिल्या गल्लीतून थोडं पुढे सरकवलं आणि तिथेच सोडलं. माणसाने रिकामं बसू नये म्हणून त्यांनी काम काढलं. ही गल्ली जमली की बायकोला बागेपर्यंत जायला आवडेल. त्या रस्त्याचं माप त्यांनी घेऊन ठेवलंच होतं. त्यांनी कापड पसरलं, टेप लावली, खडूने रेघ मारली आणि मोठी कात्री चालवली.

कात्री रेघेपाशी आली आणि रेघेच्या पुढे गेली. चांगली चार बोटं पुढे जाऊन मग तिने कापड तोडलं.

मास्तरांनी आपल्या हाताकडे जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हाताने काही विचारलं नव्हतं. तो नेहमीसारखा रेघ ओलांडून गेला होता, जसा प्रत्येक सदऱ्याला, प्रत्येक कोटाला जात आला होता. आणि या टेबलावरच्या तिन्ही पट्ट्यांना गेला असणार. म्हणजे गल्ल्या टेबलावर लांब होत्या आणि जमिनीवर आखूड. म्हणजे दुसऱ्या पट्ट्याची बटणं संपायच्या आधीच फुटपाथ संपत होता. बटणं संपेपर्यंत ती चालत राहील. उताराची कड पायाला लागणार नाही. ती मोजत मोजत, त्यांच्यावर विश्वास ठेवून, मोठ्या रस्त्यात जाऊन उभी राहील.

मास्तरांची पाचावर धारण बसली.  "ताईंना फोन लाव," एवढंच ते सुनेला कसंबसं म्हणाले आणि दाराबाहेर पडले. मागे सुनेने फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला.

कुरकुरणारे गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक. एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात सुनेची, गळ्यात टेप आणि हातात उघडी कात्री, अशा अवतारात मास्तर गल्लीतून धावत सुटले. लोक भराभर बाजूला झाले. न्हावी दुकानाच्या दारात येऊन ओरडला, "मास्तर, कुणाचा काटा काढताय?" मास्तरांना ऐकू आलं नाही. बँकेपाशी ते वळले. बेकरीचा वास आला, आणि त्या वासाने त्यांना एकदम रडू कोसळलं, कारण ती याच वासावरून इथून गेली असणार. देवा, त्यांनी मनात म्हटलं, घट्ट झालं असतं तरी चाललं असतं, मी ढगळ का कापलं?

मोठा रस्ता आला. उतार आला. गर्दी जमलेली नव्हती. रस्त्यावर जे पाहायला लागू नये म्हणून ते डोळे अर्धे मिटून पाहत होते, ते तिथे नव्हतं. एक बस वळली, एक टेम्पो वळला. खांबाशेजारी सफरचंदांची गाडी लावून एक बाई उभी होती.

"काठी घेतलेली बाई..." मास्तर धापा टाकत म्हणाले. "इथून..."

"गेल्या की. इथे अश्शा येऊन थांबल्या, रेघ आखून दिल्यासारख्या. मी म्हटलं, हात देऊ का? तर म्हणाल्या, नको, मला येतं. कळ दाबली आणि गेल्या." मग तिचं लक्ष कात्रीकडे गेलं आणि ती गाडीच्या पलीकडे सरकली.

मास्तरांनी कळ दाबली. टिकटिक सुरू झाली. त्यांनी रस्ता ओलांडला. स्वतःलाच सांभाळून म्हणायचं त्यांना त्या वेळी सुचलं नाही.

ताईची खिडकी उघडी होती. आतून हसण्याचा आवाज येत होता, दोन म्हाताऱ्या बायका पोटभर हसत होत्या. "अगं, झोपेतसुद्धा!" मास्तरीणबाई सांगत होत्या. "मी कुशीवर वळले तरी झोपेत म्हणतात, सांभाळून!"

मास्तर दाराला टेकले. मग त्यांनी कडी वाजवली. ताई पाय ओढत आली आणि तिने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं.

"या मास्तर. कात्री घेऊन आलात? माझी जीभ कापायची असेल तर आधी चहा घ्या."

पण मास्तरांचा चेहरा पाहून ती बाजूला झाली. मास्तर बायकोसमोरच्या खुर्चीवर बसले आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मी मार्जिन सोडली होती गं," ते म्हणाले. "प्रत्येक गल्लीला. आत्ता कळलं मला. तू रस्त्यात गेली असतीस. मीच घातलं असतं तुला रस्त्यात."

मास्तरीणबाईंनी एक हात सोडवून घेतला. पर्समध्ये चाचपून त्यांनी मूठ भरून काहीतरी काढलं आणि मास्तरांच्या तळहातावर ओतलं. शर्टाची बटणं होती. प्रत्येक बटणाच्या भोकात अजून दोऱ्याचा तुकडा अडकलेला.

"तालमीच्या दिवशी बँक आली तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "माझी बटणं शिल्लक होती आणि गल्ली संपली होती. पुढेही तेच. घरी आल्यावर तिन्ही पट्ट्यांची टोकाची बटणं कापून टाकली. तुमचं कापलेलं जन्मभर मीच आत घेत आले ना? मग गल्ल्या तेवढ्या घेता येत नाहीत होय?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळं उसवून पहिल्यापासून मापायला बसला असता. आणि मी आपली बसले असते खिडकीत."

मास्तर रडले. आकडसासूच्या देखत, बायकोचा हात डोळ्यांना लावून, लहान मुलासारखे रडले. त्यांना भीती वाटली होती, लाज वाटत होती, आणि या बाईबद्दल त्यांच्या मनात जे काही होतं ते कुठल्याच मापात बसत नव्हतं. मास्तरीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कोट कुठे ढगळ आहे ते पाहताना त्या असाच हात फिरवायच्या.

थोड्या वेळाने त्यांनी काठी शोधली आणि उठल्या. मास्तरही उठले.

"तुम्ही बसा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जाऊन येऊ द्या म्हटलं होतं मी. जाऊन झालं, यायचं बाकी आहे."

"अगं, पण आता मी आलोच आहे तर..."

"बसा मास्तर," ताई म्हणाली. "तिची तक्रार ऐकून झाली, आता तुमची ऐकते. आणि ते लिंबाचं काय आहे, तेही जरा समजावून सांगा मला."

मास्तर मटकन बसले. दार लागलं. काठीचा टकटक आवाज खिडकीखालून गेला, गल्लीत लहान होत गेला आणि ऐकू येईनासा झाला. ताईने लिंबाबद्दल काही विचारलं नाही. ती चहा टाकायला उठली आणि गॅसपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मघाशी फोन वाजत होता तेव्हा मी फाटकाशी होते. सकाळपासून चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. या पायांनी. तिला सांगू नका."

"नाही सांगत," मास्तर म्हणाले.

 चहा समोर आला, त्यावर साय धरली. मास्तर तळहातावरची बटणं एकेक करून टेबलावर मांडत होते, कडेला कड लावून, आणि मनात तिच्याबरोबर चालत होते. आता उतार आला असेल. आता कळ दाबली असेल. आता बेकरी, आता कुत्रा. बटणं संपली तेव्हा त्यांनी ती गोळा केली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडली.

फोन वाजला. ताई उठेपर्यंत मास्तरांनी तो उचलला होता.

"बाबा?" सून बोलत होती.  "आई आल्या. आत्ताच. हात धुतायत. येताना पाव आणा, काळजीने मी बेकरी खाऊन टाकली. आणि माझी चप्पल आणा."

 मास्तरांनी नुसती मान हलवली, जणू ती फोनमधून दिसणार होती.

"बाबा, ऐकताय ना? थांबा, आई मागून काहीतरी सांगतायत." पलीकडे कुजबुज झाली, नळ बंद झाला, आणि सून पुन्हा फोनवर आली.

"आई म्हणतायत, मोठा रस्ता आहे, सांभाळून या."